फुलाचा मार आणि खेळाचा चष्मा

मिशिगनमध्ये नोव्हेंबर सुरू झाला की आमच्या मंडळातली पंधरा-वीस मंडळी शुक्रवारी रात्री एका शाळेच्या जिममध्ये जमतात. तीन तास बॅडमिंटन आणि मग कोणाच्या तरी घरी खिचडी-पापड. खेळाचा दर्जा यथातथाच, पण आरडाओरडा ऑल इंग्लंडच्या फायनलला शोभेल असा. पुण्याच्या लष्करी छावणीत साहेब लोक हा खेळ खेळत आणि त्या काळी त्याला 'पूना' असंच म्हणत. हे कळल्यापासून आमच्यातले पुणेकर तर कोर्टवर घरच्याच मैदानावर असल्यासारखे वावरतात.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. डबल्सचा खेळ रंगात आला होता. मी मागे, माझा भागीदार पुढे नेटजवळ. समोरून उंच लॉब आला. मी होती नव्हती ती ताकद लावून स्मॅश मारला आणि नेमकं त्याच क्षणी 'फूल कुठे गेलं?' म्हणून त्याने मान मागे वळवली. पुढे काय झालं ते वाचकांनी ओळखलंच असेल. फूल थेट त्याच्या चष्म्यावर बसलं.

शटलला आपण 'फूल' म्हणतो. त्या रात्रीपासून तो शब्द मला जरा टोचतो.

इमर्जन्सी रूममधल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त उतरलं आहे. वैद्यकीय भाषेत याला हायफिमा म्हणतात. शिवाय भुवईवर चार टाके. डोळ्यावर कवच, उशाशी तीन उशा, ॲस्पिरिन बंद, पूर्ण विश्रांती आणि डोळ्यातला दाब तपासायला रोज एक फेरी. सुदैवाने नजर पूर्ववत झाली. पण डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर पडतं त्या कोपऱ्याला इजा झाली आहे, त्यामुळे पुढे काचबिंदू होण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त. म्हणजे आता दरवर्षी दाबाची तपासणी, आणि तीही जन्मभर. वहिनींनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. उलट मलाच चहा करून दिला. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आता मुद्द्याची गोष्ट. त्याचा चष्मा नवा होता, चांगला तीनशे डॉलरचा, आणि काचा पॉलिकार्बोनेटच्या होत्या. "अरे, पॉली आहे. फुटत नाही," असं तो नेहमी सांगायचा. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. काच फुटली नाहीच! अख्खीच्या अख्खी फ्रेममधून सुटून आत डोळ्यावर गेली, आणि तारेसारख्या फ्रेमने भुवई कापली.

त्या रात्री घरी आलो तर जिन्यात आमच्या चिरंजीवांचा बास्केटबॉलचा चष्मा पडलेला. वय बारा, नंबर मायनस चार. मागच्या वर्षीचा जुना चष्मा, काड्यांना मागून इलॅस्टिकची पट्टी. ही युक्ती माझीच. नवा चष्मा मोडू नये म्हणून जुना खेळायला, असं त्यामागचं काटकसरीचं तत्त्वज्ञान. आपण चष्म्याला जपत होतो आणि डोळा वाऱ्यावर सोडला होता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. झोप काही लागली नाही.

तेव्हापासून या विषयाचा मी जो पिच्छा पुरवला त्याचं सार इथे देतो. मी डोळ्यांचा डॉक्टर नाही, मेकॅनिकल इंजिनिअर आहे. डोळ्यांबद्दल डॉक्टरांचंच ऐकावं. पण कुठली वस्तू कशामुळे तुटते आणि किती पैशांत मिळते, या दोन विषयांत मराठी इंजिनिअरचं थोडंफार ऐकायला हरकत नसावी.

साधा चष्मा का चालत नाही?

थोडं गणित करू. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या चष्म्याच्या काचेला सरकारी नियमाप्रमाणे एक परीक्षा पास व्हावी लागते. पाच अष्टमांश इंच व्यासाची, साधारण १६ ग्रॅम वजनाची पोलादी गोळी ५० इंचांवरून काचेवर टाकतात. काच फुटली नाही म्हणजे पास. शाळेत शिकलेलं सूत्र लावलं तर ही ऊर्जा भरते सुमारे ०.२ ज्यूल.

आता आमचं फूल. वजन सुमारे ५ ग्रॅम. आमच्यासारख्या हौशी माणसाचा स्मॅश ताशी १५० किलोमीटर धरला, तर ऊर्जा ४.३ ज्यूल होते. म्हणजे त्या परीक्षेच्या वीसपट! फूल हवेत लवकर मंदावतं हे खरं. पण वेग निम्मा झाला असं धरलं तरी ऊर्जा एक चतुर्थांश उरते, म्हणजे पाचपट. आणि नेटवरचा भागीदार तर दोन-तीन मीटरवरच उभा असतो. (आपल्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीने २०२३ साली ताशी ५६५ किलोमीटरचा विक्रम केला. त्याच्या भागीदाराने मागे वळून पाहू नये, इतकंच मी म्हणेन.)

दुसरी गोष्ट आकाराची. बास्केटबॉल मोठा, तो डोळ्याच्या खोबणीच्या हाडांवर अडतो. बुचाचा व्यास मात्र नियमानुसार २५ ते २८ मिलिमीटर असतो आणि स्क्वॉशचा चेंडू ४० मिलिमीटरचा. दोन्ही खोबणीत नेमके घुसतात. हाडांनी डोळ्याभोवती बांधलेली तटबंदी तिथे उपयोगी पडत नाही. बास्केटबॉलमध्ये धोका चेंडूपेक्षा दुसऱ्याच्या बोटांचा आणि कोपरांचा.

तिसरी गोष्ट फ्रेमची. साधी फ्रेम काच धरून ठेवण्यापुरती केलेली असते, मार खाण्यासाठी नाही. बिजागऱ्या, स्क्रू, नाकावरची ती दोन इवलीशी पॅडं, हे सगळं जोराच्या आघातात चेहऱ्याकडेच येतं. खेळाच्या चष्म्यात फ्रेमची खाच खोल असते आणि काचेच्या मागे एक कड असते. काच सुटलीच तर बाहेरच्या बाजूला सुटावी, आत डोळ्याकडे नाही, अशी ती रचना. म्हणजे संरक्षण काच आणि फ्रेम दोघांचं मिळून असतं. एकट्या पॉलिकार्बोनेट काचेवर विसंबणं म्हणजे दाराला भक्कम कुलूप लावून चौकट वाळवी लागलेली ठेवण्यासारखं आहे.

माझ्या दोन चुका

पहिली चूक महागातली. मित्राला लागल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी मॉलमधल्या एका दुकानात गेलो आणि 'स्पोर्ट्स' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेला, गालापर्यंत वळलेला, सायकलस्वार घालतात तसा चष्मा माझ्या नंबरचा करून घेतला. चारशे वीस डॉलर. सौ. ने मनातल्या मनात रुपये केले आणि गप्प बसली. तो घालून कोर्टवर उतरलो तर जमीन तिरकी. उजवीकडचं फूल जिथे दिसे तिथे नसेच. अर्ध्या तासात डोकं दुखायला लागलं.

कारण नंतर समजलं. माझा नंबर मायनस सहा. असं भिंग डोळ्यासमोर सरळ न धरता वीस अंश तिरकं धरलं, की त्यात सुमारे पाऊण नंबराचा सिलिंडर आपोआप तयार होतो. तो माझ्या डोळ्यात नाही, फ्रेमच्या वळणातून आलेला. चांगली प्रयोगशाळा हा हिशेब करून नंबर बदलून देते, पण तसं सांगावं लागतं आणि त्याचे पैसे वेगळे. मायनस दोन-अडीचपर्यंतच्या लोकांना हे फारसं जाणवत नाही. आमच्यासारख्या जाड भिंगवाल्यांनी मात्र समोरून शक्य तितकी सपाट असलेली फ्रेम घ्यावी. रुबाब कमी, पण फूल जिथे दिसतं तिथेच असतं. शिवाय तो चारशे वीसचा चष्मा नीट वाचून पाहिला तर रॅकेटच्या खेळासाठी तपासलेला नव्हताच. 'स्पोर्ट्स' हा शब्द कोणीही छापू शकतो.

दुसरी चूक स्वस्तातली. डिसेंबरात भारतात गेलो होतो. तिथे चष्मा करून आणायचा हा आपल्या सर्वांचाच कुळाचार. चिरंजीवांसाठी गॉगलसारखी एक फ्रेम निवडली आणि दुकानदाराला म्हटलं, "अनब्रेकेबल काच घाला." दोन दिवसांत चष्मा तयार, पैसे इथल्या पावपट. परत आल्यावर मला शंका आली. तिकडे 'अनब्रेकेबल' हा शब्द साध्या प्लास्टिकच्या भिंगालाही सर्रास वापरतात. काचेपेक्षा न फुटणारं, एवढाच त्याचा अर्थ. दुकानदाराची चूक नव्हती. मी मागितलं ते त्याने दिलं.

खात्री करायला बेसमेंटमध्ये प्रयोग केला. डोळ्यांवर कारखान्याचा सेफ्टी गॉगल चढवला, भारतातून आणलेल्या चष्म्याचं एक भिंग आणि इथल्या जुन्या चष्म्याचं पॉलिकार्बोनेटचं एक भिंग, दोन्ही पाळीपाळीने शेगड्यात आवळली आणि हातोडीचा एकेक घाव घातला. पॉलिकार्बोनेटला खड्डा पडला आणि ते वाकलं. दुसऱ्याचे चार टोकदार तुकडे झाले. त्यातला एक मी अजून टेबलाच्या खणात ठेवला आहे. कोणी 'काही होत नाही हो' म्हटलं की काढून दाखवतो.

फरक पदार्थाच्या स्वभावात आहे. साधं प्लास्टिक कडक असतं. ताण एका ठिकाणी साचतो, तडा जातो आणि पसरतो. पॉलिकार्बोनेट आधी वाकतं आणि ऊर्जा स्वतःत जिरवतं. त्याचेही दोष आहेत. ते मऊ असल्याने ओरखडे लवकर पडतात, आणि जाड नंबरात कडेने पाहिलं तर वस्तूंना रंगीत किनार दिसते. ट्रायव्हेक्स नावाचा पदार्थ २००१ साली आला. तोही तसाच दणकट, वजनाला हलका आणि नजरेला जास्त स्वच्छ, पण थोडा महाग आणि मोठ्या नंबरात जरा जाड. खेळासाठी दोन्ही चालतात. तिसरं काही घेऊ नये. 'हाय इंडेक्स' म्हणून जी पातळ भिंगं मिळतात ती दिसायला सुरेख, पण खेळासाठी नव्हेत.

कुठला शिक्का पाहायचा?

इथे एक आकडा पाठ करावा: एएसटीएम एफ ८०३. खेळाच्या चष्म्यांचं हे अमेरिकन मानक. यात फ्रेम आणि काच एकत्र तपासतात, खोट्या डोक्यावर चष्मा चढवून त्यावर खरोखरचा चेंडू मारतात. पूर्वी बहुतेक खेळांना हाच आकडा होता. अलीकडे रॅकेटच्या खेळांसाठी एफ ३१६४ हे वेगळं मानक झालं आहे. बॅडमिंटन, टेनिस, स्क्वॉशसाठी घेताना यापैकी एक आकडा वेष्टनावर किंवा माहितीपत्रकात आहे का, आणि आपल्या खेळाचं नाव त्यात घेतलं आहे का, ते पाहावं.

फ्रेमवर 'झेड ८७' असं कोरलेलं आढळलं तर तो कारखान्यातल्या सेफ्टी चष्म्याचा शिक्का. आमच्यासारख्या इंजिनिअरांकडे असे चष्मे पोत्याने असतात आणि 'हाच घालून खेळतो की' असा मोह होतो. उडणाऱ्या छिलक्यांसाठी तो उत्तम, पण चेंडूसाठी त्याची परीक्षा झालेली नसते.

खर्चाचं गणित

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. शेवटी मला योग्य चष्मा मिळाला तो या रीतीने.

पहिलं, नंबराचा कागद आपल्या हातात घ्यावा. १९७८ पासून इथे केंद्रीय नियमच आहे की डोळे तपासून झाले की डॉक्टरने नंबराची प्रत पेशंटला विनामूल्य द्यायची, मागितली नाही तरी. चष्मा त्यांच्याच दुकानातून घेतला पाहिजे असं बंधन नाही. आपल्याकडच्या पुष्कळ लोकांना हे माहीत नसतं आणि संकोचाने आपण समोर जे दिसेल ते घेतो.

दुसरं, दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पी.डी., लिहून घ्यावं. हे देण्याची केंद्रीय नियमात सक्ती नाही, पण गोडीने विचारलं तर बहुतेक जण देतात. नाही दिलं तर मिलिमीटरची पट्टी घेऊन घरच्या कोणाकडून तीन-चारदा मोजून घ्यावं आणि सरासरी धरावी. याला महत्त्व का? माझ्या मायनस सहाच्या भिंगाचा मध्य प्रत्येक डोळ्यात दोन मिलिमीटरने चुकला, तर प्रत्येक भिंग वस्तूची जागा मीटरमागे १.२ सेंटिमीटरने हलवतं. पाच मीटरवरच्या फुलासाठी ही चूक सहा सेंटिमीटरची, शिवाय दोन डोळ्यांची ओढाताण वेगळी. नंबर कमी असेल तर चूकही कमी.

तिसरं, तीन ठिकाणचे भाव काढावेत: डोळ्यांच्या डॉक्टरचं दुकान, तुमचं सभासदत्व असेल त्या घाऊक दुकानाचा चष्मा विभाग, आणि इंटरनेटवरची दुकानं. एकच प्रश्न तिन्हीकडे विचारावा: "फ्रेम, पॉलिकार्बोनेट काच, माझा नंबर आणि एएसटीएमचा शिक्का, सगळं मिळून किती?" फ्रेमची किंमत वेगळी, काचेची वेगळी, लेपाची वेगळी, अशी यादी ऐकू लागलात तर हिशेब कधीच लागत नाही. लिबर्टी स्पोर्ट कंपनीचे 'रेक स्पेक्स' बऱ्याच दुकानांत असतात. ते डोक्यावर चढवून माप कळतं. चिरंजीवांचा चष्मा मला शेवटी ८५ डॉलरला पडला आणि माझा, नंबर जड म्हणून, १४० ला. म्हणजे दोघांचा मिळून पहिल्या चुकीच्या चष्म्यापेक्षा जवळजवळ दोनशे डॉलर कमी.

चौथं, कंपनीची व्हिजन योजना. पुष्कळ योजनांत वर्षाला एक चष्मा मिळतो. नंबर बदलला नसेल तर त्या वर्षीचा लाभ खेळाच्या चष्म्यासाठी चालतो का ते विचारावं. आणि पगारातून एफ.एस.ए. कापून घेत असाल तर नंबराचा खेळाचा चष्मा त्यात बसतो. डिसेंबरात उरलेले पैसे बुडू नयेत म्हणून आपण औषधाच्या दुकानात जाऊन बँडेजचे डबे भरतो. त्यापेक्षा हे बरं.

ज्यांना कॉन्टॅक्ट लेन्सची सवय आहे त्यांच्यासाठी सर्वांत स्वस्त मार्ग: लेन्स घालावी आणि वरून बिननंबरी खेळाचा गॉगल. पाच-पन्नास डॉलरांत काम होतं. मात्र नुसती कॉन्टॅक्ट लेन्स म्हणजे संरक्षण नव्हे. लेसर करून चष्मा घालवलेल्यांनाही तेच लागू. नंबर गेला म्हणजे मार चुकत नाही.

भारतात चष्मा करूच नये का? रोजच्या वापराचा खुशाल करावा. खेळाचा करायचा तर 'अनब्रेकेबल' न म्हणता 'पॉलिकार्बोनेट' म्हणावं, पावतीवर तसं लिहून घ्यावं आणि फ्रेमचं मानक पाहावं. इथली शिक्क्याची फ्रेम नेऊन तिथे काच बसवण्याची हुशारीही करू नये. परीक्षा दोघांची मिळून झालेली असते, हे विसरू नका.

मुलांना पटवायचं कसं?

चष्मा आणला तरी लढाई संपत नाही. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आय लुक लाइक अ वेल्डर." मराठीतून समजावलं, इंग्रजीतून समजावलं. शेवटी उपयोगी पडले ते एन.बी.ए. चे जुने खेळाडू. करीम अब्दुल-जब्बार यांना खेळताना डोळ्याला वारंवार ओरखडे आले आणि पुढे गॉगल ही त्यांची ओळखच झाली. शिकागो बुल्सचे होरेस ग्रँट नजर अधू म्हणून गॉगल घालत. १९९१, १९९२ आणि १९९३ अशी तीन अजिंक्यपदं त्यांनी गॉगल घालूनच जिंकली. पुढे डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यावर गरज उरली नाही, तरी चष्मेवाल्या मुलांना लाज वाटू नये म्हणून त्यांनी गॉगल उतरवला नाही. ही गोष्ट ऐकून चिरंजीव थोडा वेळ गप्प होते. शनिवारच्या सामन्याला गॉगल न सांगता बॅगेत गेला.

माझ्या पिढीसाठी आपल्याकडची उदाहरणं होतीच. १९८८ साली मद्रासला पहिल्याच कसोटीत १६ बळी घेणारा नरेंद्र हिरवाणी चष्मेवाला, आणि सुरुवातीच्या काळातला अनिल कुंबळेही. पण क्रिकेटने दुसरी बाजूही दाखवली आहे. २००० साली ढाक्याला कुंबळेच्या गोलंदाजीवर यष्टिरक्षण करताना सबा करीमच्या डोळ्याला चेंडू लागला. २०१२ साली टाँटनला मार्क बाउचरच्या डोळ्यात उडालेली बेल घुसली. हेल्मेट नव्हतं. दोघेही यष्टिरक्षक, आणि दोघांचीही कारकीर्द त्यामुळे अकाली संपली. आपली उन्हाळी क्रिकेट लीग खेळणाऱ्यांनी, विशेषतः स्टंपजवळ उभे राहणाऱ्यांनी, हे वाचून ठेवावं.

मुलांचं माप घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. समोरून पाहिलं तर डोळा भिंगाच्या मधोमध हवा. दहा उड्या मारून चष्मा जागेवर राहायला हवा. आणि कडेने किंवा खालून बोट आत जाता कामा नये. 'वाढत्या अंगाचा' म्हणून दोन मापं मोठा घेऊ नये. शाळेचा गणवेश तसा घेतलेला चालतो, हा नाही.

पोहणं आणि इतर

पोहण्याच्या नंबराच्या गॉगलसाठी खास ऑर्डर क्वचितच लागते. मायनस दीडपासून साधारण आठपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या पायऱ्यांत तयार मिळतात, वीस ते चाळीस डॉलरांत. काही कंपन्या डावा-उजवा वेगवेगळाही देतात. त्यात सिलिंडर नसतो, तेव्हा सिलिंडरचा अर्धा आकडा मुख्य नंबरात मिळवायचा. मायनस चार आणि सिलिंडर मायनस एक असेल, तर साडेचारचा घ्यायचा. आकडा दोन पायऱ्यांच्या मध्ये आला तर कमी नंबराचा घ्यावा. सिलिंडर मोठा असेल तर डॉक्टरांना विचारावं. कॉन्टॅक्ट लेन्स घालून तलावात किंवा सरोवरात मात्र उतरू नये. पाण्यातला अकांथअमीबा नावाचा जंतू लेन्सखाली अडकला तर डोळ्याचं फार वाईट करतो.

स्कीइंगसाठी चष्म्यावरून घालायचे मोठे गॉगल मिळतात आणि सायकलच्या गॉगलमध्ये आत अडकवायची नंबराची जोडी मिळते. दोन्ही ठिकाणी वेगळा महागडा चष्मा लागत नाही.

चाळिशी ओलांडलेल्यांना एक सूचना. प्रोग्रेसिव्ह काच कोर्टवर नको. तिच्या खालच्या भागात वाचायचा नंबर असतो, त्यातून जमीन आणि खाली येणारं फूल अंधुक दिसतं आणि पाय चुकतो. खेळासाठी फक्त लांबचा नंबर. स्कोअर वाचता येत नसेल तर तरुण खेळाडूला विचारावा. तो नाहीतरी आपल्यावर विश्वास ठेवत नाहीच.

निगा सोपी आहे. साध्या पाण्याने धुवावा, थेंबभर भांड्याचा साबण, मऊ कापडाने टिपावा. शर्टाच्या टोकाने पुसू नये, ॲसिटोन लावू नये. कोरडा पुसलात की ओरखडे आलेच. वाफ धरण्याची तक्रार सगळ्यांचीच, म्हणून कडेला हवेची भोकं असलेली फ्रेम आणि वाफ न धरणारा लेप हे जास्तीचे पंधरा-वीस डॉलर द्यावेत. नाहीतर दुसऱ्या गेमला माणूस चष्मा काढून ठेवतो आणि सगळाच खर्च फुकट जातो. मार बसलेला चष्मा दिसायला ठीक असला तरी बदलावा.

नेत्रतज्ज्ञ सांगतात की खेळातल्या डोळ्यांच्या १०० पैकी ९० इजा योग्य चष्म्याने टळू शकतात. माझ्या मित्राची त्या नव्वदांतली होती. हे मला माहीत आहे, आणि त्यालाही.

सहा महिन्यांनी तो परत कोर्टवर आला, गॉगल लावून. आमच्या गटात आता नियम आहे: गॉगल नसेल त्याने खिचडीची तयारी पाहावी. सुरुवातीला कुरकुर झाली. "इतकी वर्षं खेळतोय, काही झालं नाही," हे वाक्य तीन जणांनी ऐकवलं. त्या प्रत्येकाला मी खणातला तो टोकदार तुकडा दाखवला. आता जादा गॉगलांची एक पिशवी माझ्या गाडीत कायमची असते, पाहुण्यांसाठी.

पहिल्या शुक्रवारी मी मागे आणि तो पुढे, तीच जागा. समोरून लॉब आला. माझा हात वर गेला आणि तिथेच अडखळला. फूल खाली पडलं. तो वळला, गॉगल जरा वर सरकवला आणि म्हणाला, "अरे, मार की! एवढे पैसे कशाला घालवले मग?"

पुढचा स्मॅश मी मारला. नेटमध्ये गेला.